शेवटचा बदल, पहिला संशय

पूर्वजांकडून आलेली वस्तू आपण आपल्या सोयीसाठी बदलावी की बदलू नये, हा वाद जुना आहे व त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तू बदलली आणि बदलल्यानंतर ती नीट चालेनाशी झाली, तर दोष कोणाचा? मूळ घडवणाऱ्याचा, बदल सुचवणाऱ्याचा, प्रत्यक्ष हात लावणाऱ्याचा, की नव्याने येऊन बसलेल्या भागाचा? हा प्रश्न कुटुंबात उद्भवतो, कचेरीत उद्भवतो, संस्थांत उद्भवतो. परंतु तेथे माणसांचे रागलोभ गुंतलेले असल्याने त्याचा स्वच्छ विचार करणे कठीण जाते. म्हणून आम्ही येथे एक निर्जीव उदाहरण घेत आहोत, जुन्या मोटारीच्या इंजिनाचे. लोखंडाला मानापमान नसतो, त्यामुळे त्याच्यापाशी विचार सरळ चालतो.

मोटारीचे किंवा रथाचे उदाहरण तत्त्वचिंतनास नवे नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर त्या सर्वांच्या जुळणीला व्यवहारापुरते 'रथ' हे नाव आहे इतकेच उरते. ग्रीकांकडे अशीच थीसियसच्या नौकेची कथा आहे. प्लुटार्कने नोंदवले आहे की, अथेन्सच्या लोकांनी ती नौका जपली, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, आणि ती तीच नौका राहिली की नाही यावर तत्त्वज्ञ भांडत राहिले. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जपून ठेवून त्यांचीच पुन्हा नौका उभारली, तर खरी कोणती?

हे वाद मोठे मनोरम आहेत. तथापि रथ किंवा नौका चालेनाशी झाली तर काय, हा प्रश्न दोन्हीकडे आलेला नाही. राजाचा रथ वाटेत मोडला असता, तर 'रथ म्हणजे काय' हा प्रश्न बाजूला राहून 'हे कशाने झाले' हा प्रश्न आधी आला असता. ओळखीचा प्रश्न निवांतपणी सुचतो. उत्तरदायित्वाचा प्रश्न भर दुपारी, रस्त्याच्या कडेला सुचतो.

आमच्या पिढीला परिचित अशी अँबॅसिडर मोटार घेऊ. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या मोटारीवरून ती घडवली गेली. १९५७ च्या सुमारास बंगालातील उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले व २०१४ साली ते थांबले. तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन कित्येक वर्षे जवळपास तेच राहिले. सरकारी सेवेत ज्यांनी उमेदीचा काळ घालवला, त्यांना तिच्या मागच्या आसनाची उब वेगळी सांगावयास नको. अशी गाडी आज ज्याच्या घरी आहे, त्याला ती जपावयाची असते आणि चालवावयाचीही असते. या दोन इच्छांची ओढाताण तेथूनच सुरू होते. जपावयाची तर डायनॅमो मूळचाच हवा. रात्री दिव्यांचा प्रकाश पुरेसा पडावा तर अल्टरनेटर हवा. जपावयाची तर डिस्ट्रिब्युटरमधील प्लॅटिनम पॉइंट हवेत. ते वरचेवर घासून त्यांतील अंतर जुळवण्याचा त्रास चुकवावयाचा तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवे.

आमच्या एका स्नेह्यांकडे १९६७ ची अशी गाडी आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली. काही वर्षांपूर्वी त्यांनी एकाच खेपेस चार बदल करून घेतले: डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवा कार्ब्युरेटर, आणि सोबत पेट्रोलच्या नळ्याही नव्या. गाडी सकाळी एका चावीत सुरू होऊ लागली. मात्र उन्हाळ्यात तासभर चालल्यावर ती गचके देई, चौकात थांबताच बंद पडे, आणि अर्धा तास उभी राहिली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू होई.

मग निदाने सुरू झाली. विजेचे काम करणारा म्हणाला, इलेक्ट्रॉनिक इग्निशन तापले की दगा देते. कार्ब्युरेटरचा जाणकार म्हणाला, कार्ब्युरेटर या इंजिनाला जुळणारा नाही. तिसऱ्याने अल्टरनेटरवर ठपका ठेवला. प्रत्येकाचे म्हणणे अशक्य कोटीतले नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. या प्रत्येक भागाने असा बिघाड खरोखर होऊ शकतो. चूक वेगळीच होती: आपल्याला जे ठाऊक आहे, तेच घडले आहे असे प्रत्येकाने धरले होते. दरम्यान ज्या पोरसवद्या मुलाने हे भाग प्रत्यक्ष बसवले होते, त्याला गॅरेजच्या मालकाने कामावरून काढून टाकले. कारण सापडले नव्हते, पण दोषी सापडला होता.

अखेर एका वयस्क मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी प्रथम काहीच उघडले नाही. गाडी घेऊन ते उन्हात हिंडले आणि ती बंद पडण्याची वाट पाहत राहिले. बंद पडताच बॉनेट उघडून त्यांनी प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. ठिणगी निळी आणि जोरकस. एवढ्या एका परीक्षेने इग्निशन व अल्टरनेटर दोघेही सुटले. मग कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली. तीतून पेट्रोल सलग न येता फेसाळत, बुडबुड्यांसह येत होते. त्यांनी पंपावर आणि नळीवर ओले फडके गुंडाळले, थोडा वेळ थांबले, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होत होती. या इंजिनात हवा आत घेण्याचा आणि धूर बाहेर टाकण्याचा मार्ग एकाच बाजूस आहेत. कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारीच बसतो. त्या दोहोंमध्ये पत्र्याचा एक आडोसा होता. नवा कार्ब्युरेटर बसताना तो अडचणीचा झाला म्हणून काढून भंगारात टाकला गेला होता, आणि नवी नळीही त्याच उष्णतेच्या वाटेने नेली होती. तो काढावयास त्या मुलाला मालकानेच सांगितले होते, हे पुढे कळले.

आता या मिस्त्रींनी जे केले ते काय, याचा विचार करू. आपल्या न्यायशास्त्रात त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असता ते असते, हा अन्वय. हे नसता ते नसते, हा व्यतिरेक. उष्णता असता बिघाड, उष्णता नसता बिघाड नाही. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना दोन अटी घातल्या. कारण हे कार्याच्या आधी नियमाने असावे लागते, आणि ते अन्यथासिद्ध नसावे लागते. अन्यथासिद्ध म्हणजे जे तेथे हजर होते खरे, पण ज्याच्यावाचून काही अडले नसते. त्यांचे आवडते उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे. गाढवाने माती वाहून आणली, घट होण्यापूर्वी ते अंगणात उभे होते. म्हणून गाढव काही घटाचे कारण ठरत नाही. आमच्या स्नेह्यांच्या गाडीत अल्टरनेटर आणि इग्निशन ही अशीच अंगणात उभी असलेली गाढवे होती.

हेच आपल्या लोकभाषेत फार थोडक्यात सांगितलेले आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ही म्हण सर्वांना येते. परंतु कावळा परका असेल तर तिची आठवण राहत नाही.

येथे एका गोष्टीचा घोटाळा होऊ नये. 'जे शेवटी बदलले, ते आधी तपासावे' हा मिस्त्री मंडळींचा नियम उत्तम आहे. काल चालणारी वस्तू आज चालत नसेल, तर कालपासून आजपर्यंत काय बदलले हे पाहणे शहाणपणाचेच आहे. पण हा नियम तपासाच्या क्रमाचा आहे, निकालाचा नव्हे. शेवटचा बदल हा पहिला संशयित; तो पहिला अपराधी नव्हे. संशयापासून निर्णयापर्यंत जाण्यास मध्ये परीक्षेची पायरी लागते, आणि ती पायरी गाळण्याचा मोह फार मोठा असतो, कारण परीक्षेला वेळ लागतो आणि दोष द्यायला लागत नाही.

शासकीय सेवेत आम्ही हे वारंवार पाहिले. नवा कारकून रुजू झाला आणि महिन्याभरात नस्ती गहाळ झाली की बोट त्याच्याकडे वळे. विभागीय चौकशीची रीत, म्हणजे आधी आरोपपत्र, मग पुरावा, मग बचावाची संधी, आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष, ही अनेकांना कंटाळवाणी वाटते. परंतु ती रीत म्हणजे संशय आणि निर्णय यांच्यामध्ये ठेवलेला एक पत्र्याचा आडोसाच आहे. तो काढला की लगेच काही होत नाही. ऊन चढले की होते.

आणि घरात? आपल्याकडे 'पायगुण' नावाचा एक शब्द आहे. नवी सून घरात आली, आणि त्याच वर्षी सासऱ्यांचे दुखणे बळावले किंवा दुकानाला खोट आली, तर तिच्या पायगुणाची कुजबुज होई. शिकलेल्या घरांतही होई. शेवटी आलेली व्यक्ती म्हणजे शेवटचा बदल. परीक्षा नाही, बचाव नाही, थेट निकाल. गॅरेजातला तो मुलगा आणि ती सून यांच्यात एक साम्य आहे. दोघेही नवे, दोघेही दुबळे, आणि दोघांनाही उलट उत्तर देण्याची सोय नाही. कारण शोधण्याचा आळस हा बुद्धीचा दोष वाटतो. तो जेव्हा दुबळ्यावर जाऊन पडतो तेव्हा तो नीतीचा दोष होतो. आमच्या या लेखाचे सार याहून फार वेगळे नाही.

स्नेह्यांच्या गाडीची कथा मात्र आडोसा बसवल्यावर संपली नाही. बंद पडणे थांबले, पण चढावर ती अजून उचल खात नव्हती. प्लग काढून पाहिले तर त्यांची टोके पांढुरकी पडलेली. मिश्रण बरोबर असेल तर प्लगचा रंग तांबूस-करडा राहतो, पेट्रोल अधिक झाले तर काजळी धरते, आणि हवा अधिक झाली तर तो पांढरा पडतो. येथे हवा अधिक होत होती. याचे कारण गाडीत नव्हतेच. ते पेट्रोलमध्ये होते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते, कारण त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचाच असतो. जुन्या मापाचा जेट तितकेच इंधन सोडतो, पण ते आता कमी पडते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराच्या नळ्या व पडदे त्याने खराब होतात. जेट किंचित मोठा बसवला आणि तो दोष गेला.

यापूर्वीही एकदा असेच घडले होते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वी त्यातील शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये एक पातळ थर धरून ठेवी. ते गेल्यावर बिडाच्या जुन्या हेडमधील बैठका हळूहळू झिजू लागतात. तरीही शिसे काढले हे योग्यच झाले, कारण ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. इंजिनाच्या भल्यासाठी ते ठेवा असे कोणी म्हणणार नाही. उपाय असा की, हेडमध्ये कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवून घ्याव्यात.

येथे 'जसेच्या तसे राखावे' म्हणणाऱ्यांचा पक्ष अडचणीत येतो. त्यांची बाजू दुबळी नाही. कायदाही काही अंशी त्यांच्याकडे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल, विहित अपवाद सोडता, करता येत नाही. २०२१ साली केंद्रीय नियमांत झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. तीसाठी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. हे योग्यच आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून जी वस्तू ठेवावयाची, तिच्यावर आपली अक्षरे गिरवू नयेत. परंतु गाडी जशीच्या तशी ठेवली तरी पेट्रोल जसेच्या तसे राहत नाही. रस्ते, ऊन, वाहनांची गर्दी, काहीच राहत नाही. न बदललेल्या वस्तूभोवतीचे जग बदलले, की ती वस्तूही बदलल्यासारखीच वागू लागते. तेव्हा तिची चाल राखण्यासाठीच तिच्यात काहीतरी बदलावे लागते. जो काहीही बदलत नाही तो निर्दोष, असा निवाडा म्हणून टिकत नाही.

उलट 'काळाप्रमाणे बदलावे' म्हणणाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. भागाचे नाव आणि भागाचे काम यांत फरक असतो. त्या पत्र्याला कोणी सुटा भाग म्हणून मोजलेही नव्हते. तो काही फिरवत नव्हता, काही पेटवत नव्हता. तो फक्त दोन गोष्टींना एकमेकींपासून दूर ठेवत होता. जुन्या रचनेत असे कितीतरी मुके भाग असतात. त्यांचे काम ते गेल्यावरच ऐकू येते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे दूरचे वाटू नये. आज आपल्या अनेक घरांत नातवंडांची मराठी अडखळते. भर बैठकीत वाक्य गचके देते आणि हिंदीवर किंवा इंग्रजीवर जाऊन थांबते. अशा वेळी ज्येष्ठांच्या तोंडी पुष्कळदा एकच निदान असते: अमराठी सून आली, म्हणून भाषा गेली. ही शेवटच्या बदलावर ठेवलेली फिर्याद आहे. तिची परीक्षा करावयाची तर व्यतिरेक पाहावा लागेल. ज्या घरांत सून मराठीच आहे, तेथे नातवंडे अस्खलित बोलतात काय? आम्हांस दिसते ते असे की, तेथेही ती अडखळतात. आणि काही घरांत अमराठी सुनेनेच हौसेने मराठी शिकून मुलांना शुभंकरोति शिकवलेली आम्ही पाहिली आहे. मग कारण दुसरीकडे शोधावे लागते. सांजवेळी सर्वांनी एकत्र बसण्याची रीत कधी गेली? गावाकडे मराठीत पत्र लिहिणे कधी थांबले? घरी येणारे मराठी मासिक कोणत्या साली बंद केले, आणि ते कोणी केले? ती सून या घरात येण्यापूर्वी वीस वर्षे हे पत्रे एकेक करून काढले गेले होते. काढणारे हात मराठीच होते. आणि भोवतालचे पेट्रोल बदलले होते, ते वेगळेच.

याचा अर्थ दोष आता ज्येष्ठांच्या माथी मारावा असा नाही. तो पुन्हा आळसाचाच निकाल होईल. ज्याने मासिक बंद केले त्याच्यापुढेही त्या काळी काही अडचण असेल. आमचे म्हणणे इतकेच की, कारण कळले तर उपाय स्वस्त असतो. त्या गाडीला अखेर लागला तो पत्र्याचा एक तुकडा आणि एक जेट. कारण न शोधता दोष दिला, तर उपाय होत नाही आणि एक माणूस मात्र दुरावतो. आमच्या स्नेह्यांनी त्या मुलाची पुढे चौकशी केली. तो तोवर गाव सोडून गेला होता.

तेव्हा वारशाने आलेल्या वस्तूत बदल करणाऱ्यावर आमच्या मते तीन कर्तव्ये येतात. काढावयाचा भाग काय करीत होता हे काढण्यापूर्वी समजून घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि दुसरा करण्यापूर्वी पहिल्याची चाल पाहावी. चार बदल एकदम केले तर बिघाडाची साक्ष देण्यास कोणीच उरत नाही. आणि जे केले त्याची तारखेनिशी नोंद ठेवावी, काढलेला भाग सांभाळून ठेवावा, म्हणजे पुढच्याला परतीची वाट राहील. ही तिन्ही कामे नीरस आहेत. त्यांत ना परंपरेचा अभिमान मिरवता येतो, ना नवतेचा. परंतु उद्या काही बिघडले तर एका साध्या वहीत पाहून खरे कारण सांगता येईल, आणि अंगणात उभ्या असलेल्या कोणाला विनाकारण बोल लागणार नाही. वारसा जपणे याचा आमच्या लेखी हाच मुख्य अर्थ आहे.